पट्टीकाकांचा ओळंबा

पट्टीकाकांचं खरं नाव वर्गात कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि त्यावाचून कुणाचं अडतही नव्हतं. एका बांधकाम कार्यालयात त्यांनी सदतीस वर्षं नकाशे काढले. जिने, खिडक्या, न्हाणीघरं, पाण्याच्या टाक्या, जे काढलं ते पट्टी लावून. त्यामुळे माणसांच्या झटपट रेखाटनाच्या वर्गात पहिल्याच दिवशी त्यांनी सवयीनं पिशवीतून पट्टी काढून कागदावर ठेवली, आणि शेजारची पोरगी जी खिदळली ती खिदळलीच. "काका, माणसाला पट्टी लावणार?" झालं, त्या दिवसापासून ते पट्टीकाका. ते चिडले नाहीत. माणूसच तसा, नाकासमोर चालणारा.

आता त्रेसष्टाव्या वर्षी हे खूळ डोक्यात शिरलं कुठून, असं तुम्ही विचाराल. तर त्याला कारण काकू. निवृत्त झाल्यावर काकांनी महिन्याभरात स्वयंपाकघरातले सगळे डबे उंचीप्रमाणे लावले, सगळ्या पडद्यांची खालची कड जमिनीपासून सारख्या अंतरावर आणली, आणि एक दिवस भाजी चिरताना तुकडे एका मापाचे कसे होतील हे काकूंना समजावायला गेले. काकूंनी सुरी खाली ठेवली. म्हणाल्या, "अहो, बाहेर कुठेतरी मन रमवा. नाहीतर मी बाहेर पडते आणि तुम्ही चिरा."

पण नुसतं काकूंचं बोलणं नव्हे, काकांच्या मनातही एक जुनी खुटखुट होती. जिन्याच्या नकाशात उंचीचा अंदाज यावा म्हणून एक माणूस उभा करतात. कार्यालयात त्याचा तयार साचा होता. साच्यातून पेन फिरवलं की माणूस उभा! हात शरीराला चिकटलेले, पाय जुळवलेले. सदतीस वर्षं, हजारो जिने, आणि प्रत्येक जिन्यावर तोच एक बापडा. त्याला एकदा तरी पायरी चढताना काढावं असं काकांना फार वाटायचं.

वर्ग एका जुन्या गोदामाच्या वरच्या मजल्यावर भरायचा, मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी. लाकडी फळ्यांची जमीन, मधोमध हातभर उंचीचा चौथरा, भोवती गोल करून बोर्ड. चौथऱ्यावर मावशी. मावशी म्हणजे मॉडेल, पन्नाशीची, काटक, काळी विजार आणि बिनबाह्यांचा काळा सदरा घातलेली. दुपारनंतर ती एका मोठ्या धुलाईघरात यंत्रांवर काम करायची. सुरुवातीला तीस-तीस सेकंदांच्या वीस पोज, मग मिनिटाच्या दहा, मग पाच मिनिटांच्या दोन, की चहा. खोडरबर बंद. नाक-डोळे बंद. "माणूस काढू नका, तो काय करतोय ते काढा," असं मॅडम सांगायच्या. मॅडम काकांच्या पुतणीच्या वयाच्या, पण आवाज हेडमास्तरांचा.

पहिले तीन महिने काकांचं तीस सेकंदांत फक्त डोकं व्हायचं. अगदी सुबक डोकं, दोन्ही बाजू सारख्या. बाकीचा माणूस राहायचाच. घरी काकू वही चाळून म्हणाल्या, "एवढी मुंडकी! धडं काय पुढच्या वर्षी?" चौथ्या महिन्यात मात्र काहीतरी सुटलं. मावशी बादली उचलायला वाकल्यासारखी वाकली, आणि काकांच्या कोळशाची एकच रेघ मानेपासून टाचेपर्यंत घसरत गेली. कागदावर कुणीतरी खरंच वाकलं होतं! काकांना इतका आनंद झाला की पुढच्या तीन पोज त्यांनी काढल्याच नाहीत, त्या एका रेघेकडेच बघत बसले.

आणि मग, सगळं जमायला लागलं असं वाटतंय तोवर, माणसं वाकडी यायला लागली.

वाकडी म्हणजे डावीकडे कललेली. पोज कुठलीही असो, उभी, बसकी, पाठमोरी, काकांच्या कागदावरचा माणूस डावीकडे झुकायचा. मॅडम मागून यायच्या आणि लाल पेन्सिलीनं त्यावर एक उभी रेघ ओढायच्या. "काका, हा पडेल ना! मानेच्या खळगीतून सरळ खाली रेघ सोडा. ज्या पायावर वजन आहे त्या पायावर ती यायला हवी. तुम्हाला ओळंबा मी शिकवू?" सगळे हसायचे. काका म्हणायचे, "हो मॅडम." आणि मान वर करून मावशीकडे बघायचे तर तीस सेकंद संपलेले, मावशी दुसऱ्याच पोजमध्ये. बाजू मांडायची कुणापुढे? साक्षीदार दर अर्ध्या मिनिटाला पसार!

पुढच्या वेळी काकांनी मुद्दाम सरळ काढायचा प्रयत्न केला. तसं काढलं की मॅडम "छान" म्हणायच्या. पण काकांना माहीत होतं की ते न बघता काढलंय. बघून काढलं की पुन्हा वाकडं. एक आठवडा झाला, दोन झाले, तीन झाले. लाल रेघा वाढत गेल्या.

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, वाकडं तर वाकडं, आपल्याला काय प्रदर्शन भरवायचंय? पण काकांना वेगळीच धास्ती होती, आणि तिचं कारण ते कुणाला सांगू शकत नव्हते. त्यांचे थोरले भाऊ, दादा, त्याच कार्यालयात त्यांच्या आधीपासून नकाशे काढायचे. काका पट्टी धरायला शिकले ते दादांकडून. एकसष्टाव्या वर्षी दादांच्या भिंती कलायला लागल्या. पट्टी लावूनही कलायच्या, कारण पट्टीच तिरकी लागायची, आणि दादांना ती सरळ दिसायची. सुरुवातीला कार्यालयात थट्टा झाली. काकाही त्या थट्टेत हसले होते, ते त्यांना अजून टोचायचं. वर्षभरात दादा घरचा रस्ता विसरले. तीन वर्षांत पोरांची नावं. शेवटी काकांकडे बघून ते म्हणाले होते, "साहेब, आज नकाशा द्यायचा होता का?"

तेव्हा कागदावरचा माणूस कलला की काकांना दादांच्या भिंती आठवायच्या. ते काकूंना न सांगता डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. डॉक्टरांनी अक्षरं वाचून घेतली, उजेड पाडून बघितला आणि म्हणाले, "डोळे ठणठणीत. तुमच्या वयाला असे डोळे म्हणजे नशीबच." घ्या! दुसरा पेढे वाटत सुटला असता. काका पायऱ्या उतरताना घामाघूम झाले. डोळे ठणठणीत, म्हणजे मग दुखणं डोळ्यांच्या मागे. दादांचेही डोळे शेवटपर्यंत चांगलेच होते.

पंधरवडाभर त्यांनी हेच मनात घोळवलं आणि शेवटी एका शुक्रवारी पिशवीत ओळंबा टाकला. खरा, गवंडी वापरतात तो, दोरीला लटकणारा पितळी. माणसाचा डोळा खोटं बोलेल, डोकं खोटं बोलेल, पण ओळंबा बोलणार नाही. मावशी सरळ उभी असेल आणि आपल्याला कललेली दिसत असेल, तर आज घरी जाऊन काकूंना सगळं सांगायचं, असं त्यांनी ठरवलं.

पण ओळंब्याचीही एक गंमत असते, तो स्थिर व्हायला वेळ घेतो. पहिली तीस सेकंदांची पोज झाली. काकांनी हात लांब करून दोरी सोडली, ओळंबा झुलायला लागला. झुलतोय, झुलतोय, तेवढ्यात वेळ संपल्याची किणकिण वाजली आणि पोज बदलली. दुसरी पोज, पुन्हा तेच. शेजारची पोरगी म्हणाली, "काका, मावशीला झोपवताय का?" वर्ग खो-खो हसला. मॅडमनी भुवया उंचावल्या. काका लाजले नाहीत. ज्याच्या गळ्याशी आलंय त्याला कसली लाज? ते पाच मिनिटांच्या पोजची वाट बघत बसले.

पाच मिनिटांची पोज साधी होती. मावशी काकांकडे तोंड करून उभी, वजन एका पायावर, एक हात कमरेवर. काकांनी दोरी धरली. ओळंबा झुलला, हळूहळू मंदावला, थांबला. काकांनी एक डोळा मिटला.

दोरी मावशीच्या पावलावरून वर गेली, गुडघ्यावरून, कमरेवरून, आणि तिथून पुढे मावशी दोरीला सोडून डावीकडे निघाली होती. मानेची खळगी दोरीपासून चांगली चार बोटं लांब. डोकं त्याहून लांब. काकांनी हात बदलला, दुसरा डोळा मिटला. चार बोटं! मावशी कललेली होती. खरीखुरी, उघड्या डोळ्यांना दिसेल अशी कललेली.

काकांचा जीव भांड्यात पडला. "हुश्श!" असं ते इतक्या मोठ्यानं म्हणाले की मॅडम टेबलाकडून ओरडल्या, "काका, बरं वाटत नाही का?" काका म्हणाले, "फार बरं वाटतंय मॅडम. फारच बरं." आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी कोळशाच्या हातानंच पुसलं. उरलेला वेळ ते काळं तोंड घेऊन बसले होते आणि त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं.

मग इतरांना कसं दिसलं नाही? अहो, साधं आहे. निम्मा वर्ग अशा बाजूला बसायचा की मावशी त्यांच्याकडे किंवा त्यांच्यापासून लांब कलायची, आणि तसा कल समोरून कळतच नाही. काकांच्या बाजूचे बाकीचे मॅडमचा नियम आधी काढायचे आणि मावशी नंतर. आणि मॅडम? त्या कागद तपासायच्या, मावशी तपासायला कोण जातंय! खिडकीजवळच्या जागेवरून, नियम विसरून बघणारा एकटा पट्टीकाकाच होता, कारण त्याला माणूस काढता येत नव्हता आणि तो जे दिसेल ते मुकाट्यानं उतरवत होता.

पण काका नकाशे काढणारे. भिंत कलली की ती कुठे कलली एवढ्यावर ते थांबत नाहीत, कशामुळे कलली ते बघतात. त्यांनी ओळंबा धरूनच ठेवला. पाच मिनिटं संपत आली तसं ते अंतर वाढत गेलं, चाराची पाच बोटं झाली. मग किणकिण वाजली आणि मावशी झटकन सरळ झाली. काकांनी तिच्या डोक्यापासून डावीकडे नजर नेली. तिथे मॅडमचं टेबल होतं आणि टेबलावर वेळ लावलेला मोबाइल. दीड महिन्यापूर्वीपर्यंत तिथे मोठी पितळी घंटा असायची. खालच्या मजल्यावरच्या छापखान्यानं तक्रार केली म्हणून मॅडमनी ती बंद करून ही नाजूक किणकिण लावली होती.

चहाच्या सुट्टीत मावशी खिडकीशी कप घेऊन उभी होती. काका तिच्या डाव्या बाजूला गेले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "मावशी, साखर हवी का?" मावशी खिडकीबाहेर बघत राहिली. काका वळसा घालून उजवीकडे आले. "साखर हवी का?"

"नको हो काका, आहे." एवढं म्हणून तिनं त्यांच्याकडे बघितलं, मग ते आधी जिथे उभे होते तिकडे बघितलं, आणि तिचा चेहरा पडला.

"किती दिवस झाले?" काकांनी विचारलं.

"डावा कान जाऊन वर्ष झालं. उजवा अर्धा आहे." ती हळू बोलायला गेली आणि मोठ्यानंच बोलली, मग दचकून आवाज खाली आणला. "धुलाईघरातली यंत्रं, काका. पंधरा वर्षं. जुनी घंटा छान ऐकू यायची. ही मेली किणकिण कानात जीव आणून, तिकडे झुकून ऐकावी लागते. मॅडमना सांगू नका. वेळ न कळणारी मॉडेल कोण ठेवेल? इथे दोन तास मी कुणाची धुणी बघत नाही, तीस माणसं मला बघतात. हे गेलं तर मला फार वाईट वाटेल."

काकांना तिची दया आली, पण त्याहून जास्त, खरं सांगायचं तर, तिला मिठी मारावीशी वाटली. दीड महिना हीच बाई त्यांच्या छातीवर बसली होती. त्यांनी दादांची गोष्ट तिला सांगितली, चार वाक्यांत. मावशीनं कप खाली ठेवला. "अरे देवा. माझ्यापायी तुम्ही एवढं भ्यालात?"

"भ्यालो म्हणजे! मनातल्या मनात मृत्युपत्र लिहायला घेतलं होतं, पार स्वल्पविरामांपर्यंत पोचलो होतो."

मग दोघांनी मिळून ठरवलं. किणकिण वाजली की काकांनी कोळसा धरलेला हात वर करायचा, मावशीनं तो बघायचा. "आणि मी पाठमोरी असले तर?" मावशीनं विचारलं.

"तर मी खोकतो."

"काका, खोकला ऐकू आला असता तर..." आणि दोघांनाही हसू फुटलं. शेवटी काकांनी टाच आपटायची असं ठरलं. जमीन फळ्यांची, धक्का चौथऱ्यापर्यंत जायचा. आणि मावशीनं कबूल केलं की मॅडमना ती स्वतः सांगेल, फक्त तिच्या सवडीनं. तिनं पुढे सांगितलंही, पंधरा दिवसांत, आणि मॅडमनी आधी कपाळावर हात मारून मग टेबलावर एक लुकलुकणारा दिवा आणून ठेवला. पण ते नंतरचं.

सुट्टीनंतर पुन्हा तीस-तीस सेकंदांच्या पोज सुरू झाल्या. किणकिण, हात वर, पोज बदल. किणकिण, टाच, पोज बदल. हात वर करायचा म्हणून काकांचं प्रत्येक चित्र अर्धवट राहत होतं, पण मावशी ओळंब्यात उभी होती. तिचे खांदे इतके मोकळे झाले होते की दोन पोज तर तिनं नव्याच काढल्या. मॅडम मागे येऊन थांबल्या. लाल पेन्सिल खाली आली नाही.

"बघा काका! आला की नाही सरळ? महिनाभर डोकं फोडतेय तुमच्याशी. शिकवलेलं वाया जात नाही."

आता इथे दुसरा माणूस असता तर? दीड महिन्याच्या लाल रेघा मॅडमपुढे पसरून, हातात ओळंबा घेऊन, त्यानं वर्ग डोक्यावर घेतला असता. काकांच्या जिभेच्या टोकावर आलंही होतं. त्यांनी मावशीकडे बघितलं, आणि म्हणाले, "सगळी तुमची कृपा, मॅडम." असं सुखाचं खोटं ते आयुष्यात पहिल्यांदाच बोलले असतील.

घरी येताना काका जवळजवळ पळतच आले. दार उघडलं तसं काकूंनी त्यांचं काळं तोंड बघितलं. "हे काय? भट्टीत काम धरलंत की काय?"

"अगं, बस. आधी बस." आणि काकांनी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. लाल रेघा, दादा, डोळ्यांचा डॉक्टर, ओळंबा, चार बोटं, मावशीचा कान. "मला वाटलं, माझंही सुरू झालं. तुला सांगायचा धीर होईना. पण तसं काही नाही. मी बरा आहे गं. मला नीट दिसतंय."

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"डॉक्टरांची चिठ्ठी सदऱ्याच्या खिशात होती. धुवायला टाकताना खिसे बघायची सवय तुम्हाला नाही, मला आहे. आणि वहीतल्या लाल रेघाही बघितल्या. दादांच्या वेळी वहिनींबरोबर मीच होते, विसरलात?" त्यांनी भिंतीकडे हात केला. तिथे दादांची तसबीर होती. "त्या दिवसापासून रोज सकाळी मी ती बोटभर वाकडी करते आणि चहा ठेवायला आत जाते."

काका तसबिरीकडे वळले. "तू करतेस? मला वाटलं रस्त्यावरच्या गाड्यांनी भिंत हादरते. मी खिळा बदलणार होतो."

"रोज तुम्ही आलात, सरळ केलीत, मगच खुर्चीत बसलात. पंधरा दिवस. मी आतून मोजतेय. म्हणून तर जेवण जातंय मला." काकूंचा आवाज इथवर नेहमीसारखा होता. "फक्त गेल्या बुधवारी तुम्ही आलात आणि तसेच बसलात. अर्धा कप चहा प्यालात. तरी उठला नाहीत. मी ओट्याला धरून उभी होते, अहो."

"बुधवारी? बुधवारी माझी पाठ धरली होती."

"मला काय ठाऊक! मग उठलात, आणि केलीत सरळ."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही सांगितलंत?"

काका शेजारी बसले आणि त्यांनी काकूंचा हात हातात घेतला. कोळसा लागला, काकूंनी तो पुसला नाही. "उद्यापासून वाकडी करू नकोस," काका म्हणाले.

"नाही करणार," काकू म्हणाल्या, आणि पंधरा दिवसांत पहिल्यांदा, सगळं ठीक आहे हे पक्कं कळल्यावर, त्या मोकळेपणानं रडल्या.